बाबा किती रात्रींनी येणार?

भारतीय लष्करातल्या जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते. सगळी मिळाली आणि मधूनच परत बोलावणं आलं नाही, तर ९० दिवस. आता हा हिशोब मुलाच्या बाजूने मांडून पाहा. बाप सलग ‘फील्ड’ला असेल, म्हणजे जिथे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी, तर तीन वर्षांच्या मुलाने त्याला फार तर नऊ महिने पाहिलेलं असतं, आणि तेही तुकड्यातुकड्यांनी. पहिल्या सुट्टीत मूल पाळण्यात असतं, पुढच्या सुट्टीत भिंतीला धरून चालत असतं, त्याच्या पुढच्या सुट्टीत दारात उभ्या राहिलेल्या माणसाकडे बघून आईला ‘हे कोण’ असं विचारत असतं.

सातारा, कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगर या जिल्ह्यांत असं बालपण दुर्मीळ नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागलेलं आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण कामी आले, आणि त्यानंतरही तिथल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या माणसं फौजेत जात राहिली. बेळगावला केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फंट्रीची मुळं १७६८ पर्यंत मागे जातात. त्यामुळे या भागाला फौजी घराची सवय आहे असं आपण सहज म्हणून जातो. गावाला असेल, आजीलाही असेल. तिचा नवरा फौजेत होता, मग मुलगा गेला. दोन वर्षांच्या नातवाला कसली सवय? त्याच्यासाठी बाप जाणं हे पहिल्यांदाच घडत असतं. पुढच्या सुट्टीनंतर ते पुन्हा पहिल्यांदाच घडतं, कारण मधल्या काळात त्याची समज बदललेली असते.

ही समज कशी बदलते हे ठाऊक असेल, तर अशा घरातल्या बऱ्याच न कळणाऱ्या गोष्टी कळू लागतात.

पाच-सहा महिन्यांचं बाळ बहुधा कुणाच्याही कडेवर जातं. आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमारास ते ओळखीचे आणि अनोळखी चेहरे वेगळे करू लागतं आणि अनोळखी चेहऱ्याला बिचकू लागतं. नेमका याच वयात सुट्टीवर आलेला बाप दाराशी ट्रंक ठेवतो, हात पुढे करतो, आणि बाळ आईच्या खांद्यात तोंड खुपसून रडायला लागतं. घरातले हसतात, ‘अरे, पप्पा आहेत तुझे!’ बापाचा चेहरा उतरतो. बाळाचं मात्र काहीच बिघडलेलं नसतं. अनोळख्याला घाबरणं ही त्या वयातली चांगल्या वाढीची खूण आहे.

दोन-अडीच वर्षांनंतर गोष्ट वेगळी होते. आता मूल बापाला ओळखतं, आणि तरीही जवळ जात नाही. या वागण्याचा उलगडा ब्रिटनमधल्या जेम्स रॉबर्टसन यांच्या निरीक्षणांनी झाला. त्या काळी तिथल्या रुग्णालयांत मुलांना दाखल केल्यावर आईबापांना फार थोडा वेळ भेटू देत. रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर एक साधा चित्रपट केला आणि तो डॉक्टरांना दाखवला. जवळचं माणूस दुरावल्यावर लहान मूल तीन अवस्थांतून जातं, असं त्यांनी आणि मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मांडलं. आधी ते आकांत करतं. मग गप्प होतं, मलूल होतं. आणि विरह लांबला, की वरवर पाहता शांत होतं, खेळू लागतं, इतरांशी हसू लागतं. मोठ्यांना वाटतं, ‘रुळलं बाई एकदाचं.’ तोच माणूस परत आल्यावर मात्र ते त्याच्याकडे पाठ फिरवतं. मुलाने प्रेम आवरून ठेवलेलं असतं, कारण ते उघडं ठेवणं त्याला सोसलं नव्हतं. हे प्रेम पुन्हा बाहेर येतं, पण थोड्या दिवसांनी, आणि बरेचदा रागाच्या वाटेने. चार दिवस पाठ फिरवलेलं मूल पाचव्या दिवशी बापाला चावतं, मारतं, आणि त्याच रात्री त्याच्याच कुशीत झोपायचा हट्ट धरतं.

बापाच्या बाजूने हे दिवस किती कठीण असतात, याचा एक जुना अभ्यास आहे. स्टॅनफर्डमधल्या लोइस मीक स्टोल्झ यांनी दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या अमेरिकन बापांची कुटुंबं पाहिली. बाप युद्धावर असताना पहिलं मूल जन्मलं, आणि बापाची त्याच्याशी ओळख झाली ती ते चालूबोलू लागल्यावर. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं ते असं, की परत आलेल्या बापाला मूल लाडावलेलं वाटतं, आईच्या पदराला चिकटलेलं वाटतं, आणि तो शिस्त लावायला जातो. मूल आणखी दूर जातं. युद्धानंतर झालेल्या दुसऱ्या मुलाशी याच बापाचं नातं सहज जुळलेलं असतं. माणूस तोच, फरक फक्त त्या पहिल्या महिन्यांचा.

सुट्टीवर आलेल्या बापाने पहिल्या आठवड्यात शिस्तीच्या भानगडीत पडू नये, असं मला यावरून ठामपणे वाटतं. जेवताना सांडलं तर सांडू द्यावं. जमिनीवर बसावं, मुलाच्या उंचीला यावं, त्याने दिलेला मोडका ट्रक दुरुस्त करत राहावा, आणि कडेवर घ्यायची घाई करू नये. आईने मध्ये पडून ‘जा ना पप्पांकडे’ असं ढकलण्यापेक्षा जवळ बसून राहिलेलं बरं. पलटणीत हुकूम दिला की काम होतं. घरात ओळख व्हायला आठ-दहा दिवस लागतात, आणि सुट्टी असते एक महिन्याची. हा महिना रंगाचं काम, बँक, लग्नकार्य आणि जमिनीची मोजणी यांतच संपतो, ही फौजी घरांची नेहमीची रड आहे.

मुलाला धोका कळतो का, हा पुढचा प्रश्न. याचं सगळ्यात उघड उत्तर लंडनच्या बॉम्बहल्ल्यांतून मिळालं. ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी युद्धकाळात लंडनच्या हॅम्पस्टेड भागात मुलांसाठी पाळणाघरं चालवली. बेघर झालेली, बाप सैन्यात गेलेली, आई कारखान्यात जाणारी मुलं तिथे राहत. रोज काय दिसलं याच्या नोंदी या दोघींनी बारकाईने ठेवल्या, आणि १९४३ मध्ये त्यांवर पुस्तक लिहिलं. मोठ्यांचा अंदाज असा होता, की बॉम्बच्या आवाजाने मुलं कायमची भेदरतील. दिसलं वेगळंच. आई जवळ असेल आणि ती शांत असेल, तर तीन-चार वर्षांची मुलं हल्ल्यातून आश्चर्य वाटावं इतकी सुखरूप बाहेर येत. आई थरथरत असेल, तर मूलही थरथरे, मग बॉम्ब जवळ पडो की लांब. आणि सुरक्षित जागी म्हणून घरापासून दूर खेड्यात पाठवलेली कित्येक मुलं लंडनमध्ये आईजवळ राहिलेल्या मुलांपेक्षा जास्त खचत.

म्हणजे लहान मूल गलवान किंवा सियाचीन मोजत नाही. ते फोन ठेवल्यानंतरचा आईचा चेहरा पाहतं. टीव्हीवर चकमकीची बातमी लागली की आजोबा पुढे सरकून बसतात, आई हातातलं काम सोडते, कुणीतरी आवाज वाढवतं, आणि मग अचानक सगळे गप्प होऊन टीव्ही बंद करतात. बातमीतलं एक अक्षरही मुलाला कळलेलं नसतं. काहीतरी भयंकर आहे आणि ते आपल्याला सांगायचं नाही, एवढं त्याला पुरतं. पुढचं ते स्वतः रचतं, आणि त्याने रचलेलं बहुधा खऱ्यापेक्षा वाईट असतं.

चार-पाच वर्षांच्या वयात मुलाला आपण जगाच्या मध्यभागी आहोत असं वाटत असतं. जे घडतं ते आपल्यामुळे घडतं, असा त्याचा समज असतो. ‘मी दंगा केला म्हणून बाबा गेले’ हा विचार या वयात अगदी सहज येतो, आणि मूल तो बोलून दाखवत नाही. आपल्या घरांत त्याला नकळत खतपाणी मिळतं. ‘जेवला नाहीस तर पप्पा सुट्टीवर येणार नाहीत’, ‘थांब, पप्पांना सांगते’ ही वाक्यं आई दमून, वैतागून बोलते. तिच्या मनात काही नसतं. पण त्यानंतर खरंच सुट्टी रद्द झाली, तर? सुट्ट्या रद्द होतातच. मग न जेवल्याचा हिशोब मुलाच्या मनात पक्का बसतो. बापाचं येणं-जाणं मुलाच्या वागण्याशी कधीही जोडू नये, ही एक गोष्ट पाळली तरी पुष्कळ झालं.

मुलाला सांगायचं काय? खरं, पण त्याला पेलेल एवढं. तीन वर्षांच्या मुलाला ‘बाबा डोंगरावर राखण करायला गेलेत, तिथे त्यांचे खूप मित्र आहेत’ एवढं पुरे. पाच-सहा वर्षांचं मूल शाळेतून काहीबाही ऐकून येतं आणि थेट विचारतं, ‘बाबांना गोळी लागेल का?’ ‘छे, काहीतरीच काय बोलतोस’ म्हणून त्याला गप्प केलं, की ते पुढचा प्रश्न विचारत नाही. ‘हे काम धोक्याचं आहे, म्हणून बाबांना खूप शिकवलेलं आहे, ते आणि त्यांचे मित्र एकमेकांची काळजी घेतात’ हे उत्तर खरं आहे आणि मुलाला झेपतं. काही होणारच नाही, असं वचन मात्र देऊ नये. ते देणं आईच्या हातात नाही.

दिवसांचं गणितही या वयात नसतं. ‘मार्चमध्ये येणार’ किंवा ‘चाळीस दिवसांनी येणार’ याला चार वर्षांच्या मुलाच्या लेखी काही अर्थ नाही. ते ‘किती रात्री झोपल्यावर’ असं विचारतं, कारण रात्र ही त्याला मोजता येते. म्हणून दिनदर्शिकेवर रोज झोपताना एक खूण करणं, किंवा बरणीतला एक मणी रोज दुसऱ्या बरणीत टाकणं कामाला येतं. तारीख नक्की नसेल तर मात्र उलटी मोजणी सुरूच करू नये. किती रात्री गेल्या तेवढंच मोजावं. फोनचंही तसंच. ‘उद्या नक्की करतो’ असं म्हणणाऱ्या बापाच्या ठाण्यावर उद्या नेटवर्क असेलच असं नाही. ‘जमलं की करतो, आणि रोज तुझी आठवण काढतो’ हे जास्त टिकाऊ बोलणं आहे.

एकेकाळी हे सगळं आंतर्देशीय पत्रावर चाले. ‘मार्फत ५६ एपीओ’ एवढ्या पत्त्यावर पत्र जाई, माणूस कुठे आहे ते घराला कळतही नसे, आणि मूल पत्राच्या खालच्या कोपऱ्यात रेघोट्या ओढून आपली सही करी. आता व्हिडिओ कॉल आहे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये दीड वर्षाखालच्या बाळांना पडद्यापासून दूर ठेवायला सांगताना व्हिडिओवरच्या गप्पा तेवढ्या वगळल्या. तरीही दोन वर्षांचं मूल पडद्यासमोर दोन मिनिटांत कंटाळतं आणि पळून जातं. तिकडे रांगेत थांबून फोन लावलेला बाप हिरमुसतो. बापाने मुलाला ‘कसा आहेस, जेवलास का’ विचारण्यापेक्षा एखादं गाणं म्हणावं किंवा गोष्ट सांगावी. याच विचारातून अमेरिकेच्या नौदलातल्या कुटुंबांसाठी १९८९ मध्ये ‘युनायटेड थ्रू रीडिंग’ हा उपक्रम सुरू झाला. जहाजावर जाणारा बाप किंवा आई मुलांचं पुस्तक मोठ्याने वाचते, त्याचं चित्रीकरण होतं, आणि घरी मूल तेच पुस्तक हातात धरून रोज रात्री ते पाहतं. आपल्याकडे यासाठी एक मोबाइल आणि पाच-सहा गोष्टी पुरतील. निघण्याच्या आदल्या रात्री बापाने शांतपणे रेकॉर्ड करून ठेवाव्यात. तीच गोष्ट शंभर वेळा ऐकायला लहान मुलाला आवडतंच.

निघण्याआधीचा आठवडा मात्र शांतपणाचा नसतो. अमेरिकन नौसैनिकांच्या पत्नींच्या अनुभवांवरून कॅथलीन व्हेस्टल लोगन यांनी १९८७ मध्ये एक मांडणी केली, की अशा वियोगाचे सात टप्पे असतात आणि त्यांची सुरुवात माणूस घरात असतानाच होते. आधी रडू येतं, मग जाण्याआधीच्या शेवटच्या दिवसांत दोघं एकमेकांपासून मनाने लांब जातात आणि क्षुल्लक गोष्टींवरून भांडतात. भांडून निरोप घेणं सोपं जातं, म्हणून. हे सगळीकडे घडतं हे माहीत असेल, तर ‘आपल्यातच काहीतरी बिनसलंय’ असा समज तरी होत नाही. पुढे घर नव्या घडीने चालू लागतं. गॅसचा नंबर, फी, सासऱ्यांचं औषध, मुलाचा ताप, सगळं बाई एकटी ओढते, आणि ते तिला जमायला लागतं. मग तो येतो. त्याला वाटतं, इथे आपली गरजच उरली नाही. समाजशास्त्रज्ञ रूबेन हिल यांनी १९४९ मध्ये आयोवातल्या १३५ कुटुंबांबद्दल लिहिलं, त्यातही हा पेच आहे: माणूस नसताना घर नीट चालायला त्याची जागा भरून काढावी लागते, आणि तो परतल्यावर तीच जागा त्याला परत करावी लागते. ज्या घरांनी ती पुरती बुजवून टाकली, त्यांना एकत्र येणं जड गेलं.

ज्या बाईवर हे सगळं येतं, तिच्याकडे आपलं लक्ष सगळ्यात कमी आहे. या विषयावरच्या अभ्यासांतून मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच. २०१० मध्ये अमेरिकन सैन्यातल्या कुटुंबांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३ ते ८ वर्षांच्या सहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी त्यात होत्या. आई किंवा बाप मोहिमेवर असताना या मुलांना मानसिक आणि वागणुकीच्या तक्रारींसाठी डॉक्टरकडे नेण्याचं प्रमाण ११ टक्क्यांनी वाढलेलं होतं. त्याच वर्षी आलेल्या, थोड्या मोठ्या मुलांच्या दुसऱ्या अभ्यासात मुलांच्या त्रासाशी दोन गोष्टी ठळकपणे जोडलेल्या दिसल्या: एकूण किती महिने पालक दूर होता, आणि घरी राहिलेल्या पालकाचं मन किती ठीक होतं. पहिली गोष्ट सरकार आणि शत्रू ठरवतात. दुसरीत घर, शेजार, गाव आणि पलटण यांना बरंच काही करता येतं.

आपल्याकडे सासर-माहेरचा आधार असतो, आणि तो मोठा आहे. आजोबांच्या खांद्यावर बसून शाळेत जाणाऱ्या मुलाला पुरुषाचा आवाज, पुरुषाचा हात ओळखीचा राहतो. पण एकत्र कुटुंबात सुनेवर नजरही असते. नवरा सीमेवर असताना ती हसली, चार मैत्रिणींबरोबर बाजारात गेली, की कुजबुज होते. रडली तर ‘फौजीची बायको ना तू?’ दोन्हीकडून तिचं बोलणं बंद होतं. १९६६ पासून काम करणारी लष्करी पत्नींची कल्याण संघटना छावण्यांतल्या कुटुंबांना एकत्र आणते; गावात सासरी राहणाऱ्या जवानाच्या बायकोपर्यंत असा आधार पोचणं अवघड. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी तिचा संबंध येतो तो बहुतेक कागदांपुरता. तिच्यासाठी महिन्यातून एकदा, तिच्यासारख्याच दहा-बारा जणी जमतील अशी जागा तालुक्याच्या गावी असली, तर तिच्या मुलांचं बरंच दुखणं तिथेच हलकं होईल.

धोक्याच्या प्रत्येक कामाची घरातली लय वेगळी असते. मुंबई अग्निशमन दलाच्या अनेक केंद्रांच्या आवारातच जवानांची घरं आहेत. तिथली मुलं लाल बंबांच्या आसपास क्रिकेट खेळत वाढतात. आगीची खबर आली की तिला दलात ‘वर्दी’ म्हणतात. घंटा होते, आणि वरच्या मजल्यावरच्या मुलाला बाप निघताना दिसतो. महिनोन् महिने दूर राहणं इथे नाही, पण निरोपाला वेळही नाही. मुलं घंटेला सरावतात, आणि आयांनाही कान लावून किती गाड्या गेल्या ते कळतं. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन हे दारूगोळ्याने भरलेलं जहाज फुटलं, तेव्हा या दलाचे ६६ जण एका दुपारी गेले. अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्या स्मरणार्थच १४ एप्रिलला सुरू होतो. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवासच्या आगीने चार अधिकारी हिरावले, त्यांत दलाचे प्रमुखही होते. अशा दुर्घटनेनंतर दुसऱ्या दिवशी त्याच आवारात पुन्हा घंटा होते, आणि मुलं पुन्हा बापाला निघताना पाहतात. या मुलांना एक गोष्ट फौजी मुलांपेक्षा सोपी जाते: काम डोळ्यांना दिसतं. पाइप, शिडी, हेल्मेट, श्वासाचं यंत्र हातात घेऊन पाहता येतं. जे हाताळता येतं त्याची भीती कमी वाटते. केंद्रांनी मुलांना हे मुद्दाम दाखवावं, वर्षातल्या एका सप्ताहापुरतं नाही.

सगळ्यांत वाईट अवस्था, न येणाऱ्याची आणि न गेलेल्याची. पॉलिन बॉस या अमेरिकन अभ्यासकांनी १९७० च्या दशकात व्हिएतनाममध्ये बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांवर काम केलं आणि अशा धूसर, निकाल न लागलेल्या वियोगाचा सिद्धान्त मांडला. माणूस शरीराने नाही, मनात मात्र आहे. दुखवटा करावा तर विश्वासघात वाटतो, वाट पाहावी तर आयुष्य थांबतं. १९७१ च्या युद्धानंतर परत न आलेले आणि पाकिस्तानच्या कैदेत असावेत असं मानले गेलेले ५४ भारतीय सैनिक, ही आपल्याकडची तशीच जखम. पाकिस्तानने ते आपल्याकडे असल्याचं नाकारलं. २००७ मध्ये त्यांच्या नातेवाइकांचा एक गट तिथले तुरुंग पाहून आला, कुणी सापडलं नाही. तोवर त्या घरांतल्या मुलांची मुलं शाळेत जाऊ लागली असतील.

पालघरच्या किनारपट्टीवर हा प्रश्न आजचा आहे. डहाणू-तलासरीकडचे अनेक जण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, आणि समुद्रातली न दिसणारी सीमा ओलांडल्यावरून पाकिस्तानात पकडले जातात. दोन्ही देश २००८ च्या करारानुसार दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. घरच्यांना त्या यादीवर वर्षं काढावी लागतात. वादळात बोट गेली आणि देह मिळाला नाही, तर आणखी कठीण. ज्याची काहीच खबर नाही असा माणूस मृत मानायला कायद्याने सात वर्षं लागतात. सहा वर्षांच्या मुलाची अख्खी प्राथमिक शाळा त्यात संपते. बॉस यांचा सल्ला असा, की अशा घरांना निकाल लावायला भाग पाडू नये. ‘बाबा कुठे आहेत ते आम्हालाही ठाऊक नाही, आम्ही शोधतोय’ हे मुलाला सांगता येतं. तरी वाढदिवस व्हावेत आणि शाळेची सहलही चुकू नये.

आणि बातमी आली तर? १९४८ मध्ये मारिया नाज यांचा बुडापेस्टमधल्या ३ ते १० वर्षांच्या ३७८ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाचच्या आतल्या मुलांना मरण म्हणजे दूर जाणं किंवा झोपणं वाटतं, आणि तिथून परत येता येतं असं वाटतं, हे त्यात दिसलं. नंतरच्या अभ्यासांनुसार बहुतेक मुलांना पाच ते सातच्या दरम्यान कळतं, की मेलेलं माणूस परत येत नाही आणि त्याचं शरीर काही करू शकत नाही. म्हणून ‘बाबा झोपलेत’ असं सांगितलेलं मूल स्वतः झोपायला घाबरू शकतं. ‘देवाघरी गेले’ ऐकलेलं मूल तिकडे फोन लावायला सांगतं. ‘बाबांचं शरीर थांबलं, ते आता परत येणार नाहीत, आणि यात तुझी काही चूक नाही’ हे वाक्य उच्चारणं आईला फार जड जाईल. आजोबांनी, मामाने, कुणी विश्वासातल्या माणसाने ते तिच्या शेजारी बसून म्हणावं. मूल ऐकतं, दोन मिनिटं रडतं आणि खेळायला जातं. त्याला दुःख झालं नाही असं कुणी समजू नये. लहान मुलं दुःख घोटाघोटाने घेतात.

अंत्यसंस्काराच्या वेळी चार वर्षांच्या मुलाला छोटा गणवेश घालून कॅमेऱ्यांसमोर सलाम करायला लावतात, ते चित्र मला सहन होत नाही. देशाला ते हृदयस्पर्शी वाटतं. त्या मुलाला त्या क्षणी आईची मांडी हवी असते. ‘आता तूच घरातला कर्ता’ असं पाच वर्षांच्या पोराला सांगणारे काका-मामा प्रेमानेच बोलतात, आणि त्याच्या पाठीवर पुढची वीस वर्षं उतरणार नाही असं ओझं ठेवतात. दर्शन घ्यायचं की नाही हे मुलाला आधी सगळं समजावून विचारावं, आणि कॅमेरे दहा पावलं मागे ठेवावेत.

कर्नल संतोष महाडिक हे सातारा जिल्ह्यातल्या पोगरवाडीचे. १७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्यात ते शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक दोन मुलांची आई आणि शिक्षिका होत्या. प्रशिक्षण पुरं करून सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लष्करात अधिकारी झाल्या. या निर्णयाचं देशभर कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. अशी निवड न करणाऱ्या, सासरच्या घरात शिवणयंत्रावर बसून पोरं वाढवणाऱ्या वीरपत्नींनाही तितकंच धाडस लागतं.

एक काम मात्र पलटणीतल्या सोबत्यांचंच आहे. चौथ्या वर्षी बाप गेलेलं मूल नवव्या वर्षी पुन्हा विचारतं, नव्या समजेने, आणि चौदाव्या वर्षी पुन्हा. तेव्हा त्याला शौर्यपदकाच्या प्रशस्तिपत्रातली भाषा नको असते. बाबा थंडीत काय खायचे, कुणाची चेष्टा करायचे, माझं नाव घेताना काय म्हणायचे, हे हवं असतं. आईला यातलं अर्धंही माहीत नसतं, कारण तो अर्धा माणूस पलटणीत राहिला. त्याच्याबरोबर खंदकात रात्री काढलेल्यांनी, आठवणी ताज्या असताना, पहिल्या वर्षातच चार-चार पानं लिहून किंवा मोबाइलवर बोलून त्या घराकडे पाठवावीत, खाली आपलं नाव, गाव आणि फोन नंबर घालून. म्हणजे मुलाला पुढे कधीही विचारावंसं वाटलं, तर कुणाला विचारायचं ते ठाऊक असेल.